पाण्यातलं घर : मासा काचेवर डोकं आपटतोय, काय करू?

ह्या महिन्यात पत्रं आली ती सगळी मोठ्या माशांची. गप्पी-मॉलीवाले लोक तसे निवांत असतात, पत्र लिहायची वेळ येते ती ज्यांचा मासा हाताएवढा झाला आणि टाकी तेवढीच राहिली त्यांच्यावर. पाचोऱ्याच्या ताईंचं पत्र लांबलचक आहे पण बऱ्यापैकी पूर्ण छापतोय आणि उत्तरही त्यांनाच जास्त देणार आहे, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : भाऊ नमस्कार. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी जळगावहून दोन 'शार्क' आणले, तेव्हा बोटाएवढे होते, चंदेरी, फार गोड दिसायचे. एक दुसऱ्याच उन्हाळ्यात गेला. राहिलेला परवा काचेबाहेरून टेप लावून मोजला तर १५ इंच भरला. टाकी ३६ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच आहे. दोन महिन्यांपासून तो रात्री मध्येच सुटतो आणि धाडकन काचेवर आदळतो, आवाज आतल्या खोलीपर्यंत येतो. तोंडाचं टोक सोलून पांढरं झालंय, वरचा ओठ फाटलाय, एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आलाय. मधूनच वर येऊन तोंड उघडून हवा घेतो ते वेगळंच. कानबाईला घर भरलेलं होतं, रोट खायला सगळी भावकी, पोरं काचेवर टकटक करत होती, त्या रात्री त्याने इतकं आपटून घेतलं की सकाळी आडवा पडलेला दिसला, मेला वाटलं, हात लावला तर हलला. दुकानात सांगितलं तर त्यांनी निळं औषध दिलं, रोज टाकतेय, फरक नाही. सासूबाई म्हणतात, "त्याले नजर लागनी," आणि वरून, "त्याले तठे करमत नही, सोडी दे नदीम्हा." मासा स्वतःलाच का मारून घेतोय? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. नजरेचं राहू द्या, पण "करमत नही" हे त्यांनी जे ओळखलं ते दुकानदाराला ओळखता आलं नाही. मासा स्वतःला मारून घेत नाहीये. तो घाबरून पळतोय आणि पळताना काच आडवी येते, एवढंच आहे. म्हणून जखमेवर औषध शोधण्याआधी तो कशाला घाबरतो ते शोधायचं, नाहीतर आज ओठ भरेल आणि उद्या रात्री परत फाटेल.

पहिली गोष्ट, हा शार्क नाहीच. दुकानात शार्क म्हणून विकतात कारण पाठीवरचा पर उभा असतो आणि नावावर पोरं भाळतात. हा पंगास. आपल्या शिंगाळ्यासारखा बिनखवल्याचा, मिशांचा, बाजारात बर्फावर मांडलेला असतो आणि हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. मूळचा मेकाँग नदीचा, थायलंड-कंबोडिया-व्हिएतनामकडचा. तिथे तो चार फुटांपर्यंत वाढतो, चाळीस किलोच्या पुढे गेलेल्या माशांच्या नोंदी आहेत, आणि अंडी घालायला शेकडो किलोमीटर नदीतून प्रवास करतो. अशा जनावराला आपण कपाटाच्या वर ठेवलंय.

आता तुम्हीच दिलेली मापं बघा. मासा १५ इंच, टाकीची रुंदी १५ इंच, त्यातून काचेची जाडी वजा करा. म्हणजे कंपासपेटीत पट्टी ठेवल्यासारखं झालं, लांबीला बसते पण आडवी फिरवता येत नाही. प्रत्येक वळणाला त्याला अंग वाकवावं लागतं आणि तोंड काचेला घासतं, ओठ आधी तिथेच सोलतो, मग आपटण्याने फाटतो. "टाकीएवढाच मासा वाढतो" असं दुकानात छातीठोक सांगतात ते खरं नाही, कोंडलेल्या घाण पाण्यात वाढ खुंटते, कधी पाठीचा कणा वाकडा होतो, त्याला टाकी मानवली असं म्हणायचं का?

दुसरं म्हणजे हा कळपाचा मासा आणि नजरेने अधू. जोडीदार गेल्यापासून तो एकटा आहे. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिच्याने त्याला पाण्यातली थरथर कळते, त्यामुळे काचेवर पोराने बोट वाजवलं की आपल्या कानाशी कुणी पत्र्यावर हातोडा मारावा तसं होत असणार. डोळ्याला नीट दिसत नाही, अंगाला सगळं जाणवतं, आणि नदीतल्या सवयीने धोका वाटला की सरळ रेषेत सुसाट सुटायचं. नदीत ते ठीक आहे, तीन फुटांत नाही.

रात्रीच का, ह्याचं उत्तर मला माझ्याच घरातून मिळालं होतं. माझ्याकडेही असे दोन होते, तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात थंडी कडक म्हणून टाकीत काचेचा हीटर लावलेला, रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, ट्यूबचं बटण दाबलं, ट्यूब दोनदा फडफडून लागली आणि त्यातला मोठा थेट कोपऱ्यातल्या हीटरवर गेला. हीटर फुटला. नशीब की मी पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढला. त्या दिवसापासून त्या खोलीत रात्रभर झिरोचा बल्ब. तुमच्याकडेही बघा, रात्री कोण उठतं, कुठला लाइट लागतो, फ्रिज टाकीला चिकटून आहे का, पाण्याची मोटर पहाटे त्याच भिंतीमागे चालू होते का. तुमच्याकडे नळ कधी येतो मला माहीत नाही, पण ज्या गावात चार-चार दिवसांनी येतो तिथे पहाटे तीनला सगळी गल्ली मोटरी लावते, ती घरघर भिंतीतून टाकीत उतरते.

तर आज रात्रीपासून हे करा. खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवा. टाकीचा लाइट आधी बंद, खोलीचा नंतर, आणि सकाळी उलटं, खोली आधी उजळू द्या, पंधरा-वीस मिनिटांनी टाकीचा लावा. मागची आणि दोन्ही बाजूच्या काचा बाहेरून झाकून टाका, वह्यांना घालतो तो खाकी कागद चालतो, मुलाला सांगा, आवडीने करेल. त्याने माशाला भिंत कुठे आहे ते कळतं आणि आरशासारखं स्वतःचं बिंबही दिसत नाही. आतला किल्ला, प्लास्टिकचा पाणबुड्या, धारदार दगड, शिंपले, सगळं बाहेर. टाकी रिकामी दिसेल, दिसू द्या. पुढच्या सणाला पाहुणे आले की टाकीवर जुनी चादर टाका आणि खोलीचं दार ओढून घ्या, पोरांना रागावून काही होत नाही, त्यांची बोटं काचेवर जाणारच. गल्लीतून मिरवणूक जाणार असेल, लग्नाचा डीजे असेल तर तेच.

निळं औषध बंद करा. बिनखवल्याच्या माशाला असली रंगीत औषधं पूर्ण डोसने सोसत नाहीत आणि फिल्टरमधले जे चांगले जिवाणू घाण पचवतात त्यांनाही त्याचा फटका बसतो. त्याऐवजी पाणी. तुमच्या टाकीत काठोकाठ १५९ लिटर मावतं, खडी आणि वरची मोकळी जागा धरली तर १४० धरू. त्यातलं पाव पाणी आठवड्यातून दोनदा बदला, नळाचं असेल तर उघड्या पिंपात एक दिवस हवेचं मशीन सोडून ठेवा किंवा क्लोरीन काढायचे थेंब टाका, आणि हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागेल ते बघूनच ओता. सोबत साधं खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे १४० ग्रॅम, एकदम नाही, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून पाणी बदललं की जेवढं पाणी नवीन तेवढ्याच पाण्याचं मीठ. हे लिहितोय कारण लोक दर वेळी पूर्ण मात्रा टाकतात आणि मग मासा लोळायला लागला की मला पत्र लिहितात. दोन दिवस खायला देऊ नका, नंतर एकदाच, संध्याकाळी, थोडं.

डोळ्याचं म्हणाल तर एकाच डोळ्यावर पडदा असेल तर बहुतेक मार लागलेला असतो, दोन्ही डोळ्यांवर असता तर मी आधी पाण्यावर संशय घेतला असता. स्वच्छ पाण्यात तो हळूहळू निवळतो. ओठावर रोज सकाळी नीट बघत जा, पांढरं होऊन कड गुलाबी दिसली तर भरतंय, पण कापसाचा झुबका लटकल्यासारखं दिसलं तर बुरशी धरली, तेव्हा मात्र थांबू नका, मत्स्यविभागाच्या माणसाला किंवा माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला फोटो काढून दाखवा. आणि तो वर येऊन हवा घेतो त्याला घाबरू नका, पंगास तसाही वरची हवा पितो. झाकण आणि पाण्यात चार बोटं जागा ठेवा, काठोकाठ भरू नका, नाहीतर हवा घ्यायला आला की झाकणावर टाळू आपटेल.

एवढं केलं की आपटणं कमी होईल, थांबेलच असं सांगत नाही. कारण जागा तेवढीच आहे. तुमच्याकडे मागच्या अंगणात सिमेंटचा हौद असेल, पूर्वी गुरांसाठी असायचा तसा, तर तो सगळ्यात उत्तम. ८ फूट लांब, ४ रुंद, ३ खोल हौदात २७०० लिटर पाणी मावतं, टाकीच्या सतरापट. नवीन सिमेंट असेल तर चुना उतरतो आणि पाणी माशाला भाजतं, म्हणून दोन-तीन आठवडे भरून-उपसून घ्या. वरून जाळी, अर्ध्यावर सावली, एक पंप. फक्त थंडीचं लक्षात ठेवा, पंगास गरम देशातला, आपल्याकडे जानेवारीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा उघड्या हौदात तो गारठून मरेल, त्या दिवसांत आत घ्यावा लागेल किंवा हौदावर प्लास्टिक आणि पाण्यात हीटर. हौद नसेल तर केळीवाल्या कुणा ओळखीच्या शेतकऱ्याचं प्लास्टिकचं शेततळं आहे आणि तो पंगासच पाळतो असं असेल तर त्याला विचारून बघा, पण तो एक दिवस खायच्या भावाने जाईल हे मुलाला आधी सांगून ठेवा.

नदीत मात्र नाही. सासूबाईंच्या बोलण्यातलं हे अर्धं मी मानत नाही. गिरणेत सोडला तर एक तर तीन वर्षं हातचं खाल्लेला मासा तिथे टिकणार नाही, आणि टिकला तर ते जास्त वाईट. उजनीच्या कोळ्यांना विचारा, घरच्या टाक्यांतून आलेला सकर मासा आता त्यांच्या जाळ्यात येतो, खायच्या कामाचा नाही आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटते ती वेगळीच. थाई मांगूर तर सरकारने २००० सालीच बंद केला तरी अजून सापडतो. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात एकदा सुटला की परत गोळा करता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे सिल्व्हर अरोवाना आहे, दोन फूट, पाच फुटी टाकीत. पावसाळा लागला की झाकणावर उड्या मारतो, खालच्या दोन मिशांपैकी एक तुटली, डोक्यावरचं कातडं गेलं. एकदा झाकण उडवून फरशीवर पडला होता. वास्तूसाठी आणलाय म्हणून घरचे काढू देत नाहीत. – भुसावळ

उत्तर : दादा, पावसाळ्यातच उड्या मारतो हे तुम्ही नोंदवलंत ते फार कामाचं आहे. संध्याकाळी जाऊन झाकणाखालच्या ट्यूबकडे बघा. किडे. पावसाळी किडे लाइटला जमतात, फटीतून आत जातात आणि तुमचा अरोवाना वर बघत बसलेला असतो. अॅमेझॉनच्या पुरात जंगल बुडतं तेव्हा हा मासा पाण्याबाहेर झेपावून फांदीवरचे किडे पकडतो, तोंड त्याचं वरच्या बाजूला उघडतं ते त्यासाठीच. म्हणजे तो खायला उडी मारतोय आणि मध्ये तुमचं झाकण आहे. झाकणाच्या फटी स्पंजने बुजवा, ट्यूब संध्याकाळी सहा ते नऊ बंद ठेवा किंवा झाकणापासून लांब लावा, झाकणाच्या आतून पातळ फोमची चटई चिकटवा आणि वरून वजन ठेवा, पण हवा जायला जाळी राहू द्या. पाण्याची पातळी पाच-सहा इंच खाली. मिशी परत येते बऱ्याचदा, मुळापासून गेली नसेल तर. पुढच्या काचेला नाक लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात येरझाऱ्या घालत असेल तर ते बिंब, खोली अंधारात आणि टाकी उजेडात असली की काचेचा आरसा होतो.

झुरळं, पाली घालत असाल तर बंद करा, फवारणी केलेलं झुरळ म्हणजे विष. वास्तूचं मी काय बोलू, दोन फुटी मासा पाच फुटी टाकीत दीड फूट रुंदीवर वळतो कसा ते एकदा घरच्यांना समोर बसवून दाखवा.

प्रश्न : ऑस्कर आहे, फूटभर. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी, फिल्टर सगळं चोळून धुतो, बोअरचं स्वच्छ पाणी भरतो, तरी सोमवारी खडीवर अंग घासतो, खवले निघालेत. उन्हाळ्यात तर फारच. – शहादा

उत्तर : तुमचं धुणंच त्याच्या जिवावर उठलंय. फिल्टरच्या स्पंजवर जो तपकिरी चिकट थर असतो ना, तीच खरी फिल्टर. माशाच्या लघवी-विष्ठेतून अमोनिया निघतो, तो त्या थरातले जिवाणू पचवतात, आणि तो थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर सात दिवसांनी तो चोळून टाकता. मग अमोनिया साठतो, कल्ले आणि कातडी चुरचुरते, मासा अंग घासतो. बोअरचं पाणी आपल्याकडे जड, पीएच आठच्या आसपास, आणि पीएच चढा असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, गरम पाण्यात अजून जास्त. त्यात एप्रिल-मेत बाहेर ४५ आणि पश्चिमेच्या भिंतीला टाकी असेल तर पाणी ३४-३५ ला जातं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला जेमतेम ७. म्हणून उन्हाळ्यात फारच.

ह्यापुढे आठवड्याला फक्त तिसरा हिस्सा पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात बादलीत नुसता दोनदा पिळा, नळाखाली नाही, आणि खडी महिन्यातून एकदा पाइपने ओढून. अमोनियाचं टेस्ट किट घ्या, शून्याशिवाय दुसरा कुठलाही आकडा वाईट. उन्हाळ्यात झाकण अर्धं काढून वर जाळी टाका आणि पाण्यावरून टेबलफॅन मारा, आपली हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरतं, कोकणात हा उपाय एवढा चालत नाही. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका. अंगावर रव्याच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र ते वेगळं दुखणं आहे, परत लिहा. आणि पाणी बदलल्यावर ऑस्कर कुशीवर पडून मेल्याचं नाटक करतो, दोन-तीन तास रुसतो, त्याला फसू नका. खायला टाकलं की उठतो.

प्रश्न : टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात, आणि मासे अधूनमधून अंग झटकतात. ह्याचा संबंध आहे का? – धुळे

उत्तर : माशांचं नंतर बघू. आधी मेन बंद करा, मग सगळे प्लग काढा, आणि तोवर पाण्यात हात नाही, पोरांना त्या खोलीत नाही. हीटर किंवा पाण्यातल्या पंपाची वायर चिरली असेल किंवा घराला अर्थिंग नसेल. वायरमन बोलावून अर्थिंग तपासा, टाकीच्या लाइनवर गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवून घ्या, आणि पाण्यातलं प्रत्येक मशीन एकेक करून तपासायला द्या. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून करंट नाही असं धरून चालू नका. तोपर्यंत माशांसाठी बाजारात मिळतं ते बॅटरीवरचं हवेचं मशीन लावा, लाइट गेल्यावर पुढेही कामाला येईल.